एका हेक्टरला एक वाघीण

मराठवाड्याला समुद्र नाही. मग समुद्रकाठच्या गोल्फ मैदानांबद्दल इकडच्या माणसाने डोके का शिणवावे? दोन कारणे आहेत. कोकणच्या किनाऱ्याचे काय करायचे हे ज्या विधानसभेत ठरते तिथे मराठवाड्याचे ४६ आमदार बसतात, म्हणजे तिथल्या निर्णयाच्या बऱ्यावाईटात आपलाही वाटा आहे. आणि समुद्र नसला तरी आपल्याकडे काठ भरपूर आहेत. पैठणचा नाथसागर भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो. माजलगाव, मांजरा, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी आहेतच. धरणांलगतची विश्रामगृहे आणि मोकळ्या जागा खासगी भागीदारीतून पर्यटनाला देण्याचे धोरण राज्याने केलेले आहे. २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार असे आकडे आहेत. आकडे आले की पाठोपाठ चकचकीत सादरीकरण येते, आणि त्यातल्या एखाद्या चित्रात पाण्याकाठी हिरवागार उतार असतो, त्यावर छोटासा झेंडा रोवलेला. तो झेंडा आपल्या काठावर येण्याआधी तो जिथे रोवून झाला आहे तिथे काय झाले ते बघून घ्यावे.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, ॲबरडीन शहराच्या उत्तरेला मेनी नावाची इस्टेट आहे. डोनाल्ड ट्रम्प यांनी २००६ मध्ये तिथे जगातले सर्वोत्तम गोल्फ मैदान बांधण्याची घोषणा केली. ते तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले नव्हते. एक अब्ज पौंडांची गुंतवणूक, सहा हजार नोकऱ्या, दोन मैदाने, ४५० खोल्यांचे हॉटेल, साडेनऊशे सुट्टीघरे आणि वर पाचशे घरे, असा तो बेत होता. जागेतला एक भाग वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्यांसाठी वैज्ञानिक महत्त्वाचे स्थळ म्हणून संरक्षित होता. २००७ च्या नोव्हेंबरात स्थानिक परिषदेच्या समितीने अध्यक्षांच्या निर्णायक मताने परवानगी नाकारली. मग स्कॉटलंडच्या सरकारने प्रकरण स्वतःच्या हातात घेतले, २००८ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मंजुरी मिळाली. टेकड्यांचे नुकसान होणार हे कोणी नाकारले नव्हते. आर्थिक फायदा त्याहून मोठा आहे, एवढेच ठरवले गेले.

पहिले मैदान २०१२ च्या जुलैत सुरू झाले. दुसरे २०२५ मध्ये, म्हणजे घोषणेनंतर १९ वर्षांनी. साडेचारशे खोल्यांचे हॉटेल उभे राहिले नाही. नोकऱ्यांचा आकडा वर्षानुवर्षे शंभराच्या आतच घुटमळला आणि कंपनीच्या ताळेबंदात सुरुवातीची जवळपास दहा वर्षे तोटाच दिसत राहिला. मंदी आली, समोरच्या समुद्रात पवनचक्क्या येणार होत्या, अशी कारणे देण्यात आली. त्या अकरा पवनचक्क्यांविरुद्ध ट्रम्प यांची कंपनी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१५ मध्ये हरली. दृश्य बिघडते, ही त्यातली तक्रार होती. किनाऱ्याचे दृश्य जपण्याची ही कळकळ टेकड्यांच्या वाट्याला आली असती तर बरे झाले असते.

त्या टेकड्यांवर गवत लावून त्या जागच्या जागी थांबवण्यात आल्या. चेंडू जिथे पडायचा ती जमीन दरवर्षी सरकून चालत नाही, हे खेळाच्या दृष्टीने योग्यच. पण सरकणे हेच तर त्यांचे वैशिष्ट्य होते. २०२० च्या डिसेंबरात नेचरस्कॉट या सरकारी संस्थेने त्या भागाचा संरक्षित दर्जा काढून घेतल्याचे जाहीर केले, कारण ज्यासाठी तो दिला होता ते आता तिथे पुरेसे उरले नव्हते.

माझा आक्षेप इथे आहे. गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ आहे म्हणून त्यावर दात खाण्यात मला रस नाही. ॲबरडीनच्या हॉटेलांना, टॅक्सीवाल्यांना त्या मैदानामुळे गिऱ्हाईक मिळाले असेल, ते नाकारायचे कारण नाही. पण या व्यवहारात निसर्गाचे नुकसान रोखीने वसूल झाले आणि फायदा उधारीवर राहिला. उधारी बुडाली तेव्हा ती वसूल करायला कोणाच्या हातात कागद नव्हता. किनाऱ्यावरच्या गोल्फचा प्रश्न पर्यावरण की विकास असा मांडला जातो, तो मला फसवा वाटतो. मेनीत दोन्ही बाजूंनी घाटा आला.

गोल्फ जन्मला तो असल्याच किनाऱ्यावर. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची पट्टी पिकाला निकामी, म्हणून ती चराऊ रान. मेंढ्यांनी आणि सशांनी खुडून आखूड ठेवलेले गवत, वरून भुरभुर पाऊस, खाली वाळू, त्यामुळे पाणी लगेच मुरते आणि चिखल होत नाही. तिथली जुनी मैदाने कोणी बांधली असे म्हणण्यापेक्षा सापडली असे म्हणावे. उन्हाळ्यात ती पिवळी पडतात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. खेळाने ती वाळू आणि तो पाऊस मागे सोडला आणि दूरदर्शनवर दिसणारा हिरवा रंग तेवढा बरोबर घेतला, तेव्हापासून त्याचे बिल वाढत गेले.

वाळूच्या टेकड्या म्हणजे किनाऱ्याचे पेव. वादळात लाटा काठ खातात तेव्हा टेकडीतली वाळू खाली उतरून त्या लाटांचा जोर घेते, आणि शांत दिवसांत समुद्र व वारा ती पुन्हा वर आणून ठेवतात. ही देवघेव चालायची तर टेकडीला हलायची मोकळीक हवी. तिच्यावर कायमचे मैदान बसवले की पेव बंद. मग समुद्र मैदानापर्यंत येतो, मैदानाचा मालक दगडी भिंत मागतो, भिंतीपुढची पुळण वाहून जाते आणि शेजारच्या गावाच्या किनाऱ्याची वाळू तुटते. स्कॉटलंडमध्येच माँट्रोजचे मैदान गोल्फच्या सर्वांत जुन्या मैदानांपैकी एक आहे. त्याची कड समुद्र गेली काही दशके खात चालला आहे.

कोकणात हे सारे जास्त नाजूक आहे. आपल्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना १९९१, २०११ आणि २०१९ अशा आल्या. दर वेळी काहीतरी सैल झाले, पण वाळूच्या टेकड्या, कांदळवन आणि कासवांच्या विणीच्या जागा अजून सर्वांत कडक वर्गात आहेत. वेळास आणि अंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना बघायला माणसे जातात, गावातल्या घरांत राहतात, तिथेच जेवतात. तो पैसा थेट गावात पडतो आणि त्यासाठी कोणाला टेकडी सपाट करावी लागली नाही. टेकड्या सुटल्या तर नजर वर जाते, कातळ सड्यांवर. लांबरुंद, झाडे कमी, सातबाऱ्यावर पोटखराबा. त्याच सड्यांवर पावसाळ्यात फुलांचे गालिचे येतात, त्याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत, आणि खालच्या वाडीच्या झऱ्याचे पाणी तिथेच मुरते. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही कोकणातल्या कित्येक वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. अशा वाडीच्या डोक्यावर बारमाही हिरवळ ठेवायची असेल तर तिचे पाणी कुठून, हा पहिला प्रश्न. तो सादरीकरणात शेवटच्या पानावर असतो.

आता आपल्या काठावर येऊ.

लातूरच्या माणसाला पाण्याचे माप शिकवायची गरज नाही. २०१६ मध्ये मांजरा आटले, शहरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, ती सुमारे पंचवीस लाख लिटर आणायची. एका वाघिणीत अंदाजे पन्नास हजार लिटर. हे माप लक्षात ठेवून हिरवळीचा हिशेब करू. एक हेक्टर गवतावर पाच मिलिमीटर पाणी द्यायचे तर बरोबर पन्नास हजार लिटर लागतात, आणि मराठवाड्याच्या उन्हात बारमाही हिरव्या गवताला रोज पाच मिलिमीटर ही काही चैन नव्हे. म्हणजे एक हेक्टरला रोज एक वाघीण. अठरा होलच्या, म्हणजे चेंडू घालायची अठरा भोके असलेल्या, मैदानाला साधारण पन्नास-साठ हेक्टर जमीन लागते. त्यातले चाळीस हेक्टर भिजवायचे धरले तर रोज वीस लाख लिटर. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या हिशेबाने तेवढ्यात छत्तीस हजार माणसांची रोजची गरज भागते. आणि छत्रपती संभाजीनगरात अजूनही नळाला पाणी किती दिवसांनी येते हे तिथल्या कुठल्याही गृहिणीला विचारावे.

याला एक तगडे उत्तर आहे आणि ते टाळून चालणार नाही. ऊस. हेक्टरी उसाला वर्षाला साधारण १८० ते २५० लाख लिटर पाणी लागते. वरच्या हिशेबाने ऑक्टोबर ते मे असे आठ महिने गवत भिजवले तर हेक्टरी १२० लाख लिटरच्या आसपास होते. म्हणजे हेक्टरामागे गोल्फ उसापेक्षा कमीच पितो, आणि मराठवाड्यात ऊस चाळीस हेक्टरांवर नाही, लाखो हेक्टरांवर आहे. जो माणूस उसाबद्दल चकार शब्द काढत नाही आणि गोल्फच्या नावाने खडे फोडतो, त्याचे पर्यावरणप्रेम मला संशयास्पद वाटते. पण यातून निघते काय? आधीच एका पिकाने खोरे ताणले आहे, म्हणून दुसऱ्यालाही पाटावर बसवा? उसाचे निदान एवढे आहे की त्याच्या बिलावर लहान शेतकऱ्याचे घर चालते, आणि तो कमी करायचा तर त्या शेतकऱ्याला दुसरे काय द्यायचे हा खरा पेच आहे. गोल्फच्या बाबतीत तो पेच अजून उभाच नाही. नव्याने ओढवून घ्यायचा की नाही, एवढेच ठरवायचे आहे.

शिवाय पाण्यात रांग असते. २०१६ च्या त्याच एप्रिलात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले, तेव्हा बरेच जण हसले होते. खेळपट्टीच्या पाण्याने दुष्काळ हटतो का? नाहीच हटत. पण टंचाईत कोण आधी आणि कोण मागे हे ठरवणे हा त्या आदेशाचा गाभा होता. राज्याच्या धोरणात पिण्याचे पाणी पहिले, मग शेती, मग उद्योग. जायकवाडीच्या वरच्या धरणांतून पाणी सोडावे म्हणून आपण दर वर्षी समन्यायी वाटपाच्या कायद्याचा दाखला देतो, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा आहे की नाही हे मोजतो, नाशिक-नगरच्या शेतकऱ्याशी भांडतो. ते भांडण तहानेच्या नावाने आहे. उद्या त्याच साठ्यातून काठावरची हिरवळ भिजताना दिसली तर पुढच्या सुनावणीला आपण कोणत्या तोंडाने उभे राहणार?

प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरू, असे सांगितले जाते. वापरता येते, जगात वापरतातही. मात्र ते पाणी बेवारस नाही. उद्योगांना तेच हवे आहे. परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, त्याची आठवण अजून जुनी झालेली नाही. आणि सांडपाण्यातले क्षार काळ्या जमिनीत साचत जातात, हे चोपण झालेल्या रानाचा मालक कोणत्याही तज्ज्ञाआधी सांगेल.

काळी जमीन ही या खेळाची दुसरी अडचण आहे. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आपली जमीन गोल्फला चालत नाही. ज्या गुळगुळीत चौथऱ्यावर होल असतो तो बांधायची रूढ पद्धत अशी की खाली खडी आणि वर साधारण तीस सेंटिमीटर वाळू. अठरा चौथरे, प्रत्येकी पाचशे चौरस मीटर धरले तर २,७०० घनमीटर, म्हणजे साडेनऊशे ब्रासच्या आसपास वाळू. हे फक्त चौथऱ्यांचे झाले, वाळूचे खड्डे आणि बाकी भर वेगळी. गोदावरीच्या पात्रातून एक ब्रास वाळू कशी निघते, रात्री कोणते ट्रॅक्टर आणि हायवा धावतात, तलाठ्याच्या अंगावर गाडी कशी घातली जाते हे गेवराई-अंबडकडच्या लोकांना माहीत आहे. मग त्या गवताला नत्र हवे, बुरशीनाशक हवे, तणनाशक हवे. पहिल्या वळवाच्या पावसात त्यातले काही उतारावरून कुठे जाईल? काठावरच्या मैदानाचा उतार जलाशयाकडेच असतो. संभाजीनगर आणि जालना नाथसागराचेच पाणी पितात.

काठ मोकळा आहे असे नकाशावर दिसते. ते खरे नाही. पाणी ओसरत जाते तसतशी बुडीत क्षेत्रातली गाळाची जमीन उघडी पडते आणि गाळपेर म्हणून कसली जाते. हरभरा, गहू, टरबूज. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांना त्या जमिनीचा उरलेला हा एवढाच सहवास आहे. भोई आणि कहार समाजाची जाळी त्याच पाण्यात असतात. जलाशयावर तरंगता सौर प्रकल्प टाकण्याचा विषय निघाला तेव्हा मासेमारी करणाऱ्यांना न्यायालयापर्यंत जावे लागले. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, २०१७ मध्ये त्याचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्रही अधिसूचित झाले. हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब, चक्रवाक उतरतात ते उथळ, गाळाच्या काठावरच. कापलेल्या गवताच्या हिरव्या उतारावर त्यांना काही मिळत नाही.

रोजगाराचे काय? पुण्या-चाकणला जाणारी पोरे आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन निघणारी कुटुंबे बघून कोणत्याही नोकरीला नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. पण आकडा मोजावा. मेनीसारख्या गाजलेल्या ठिकाणी शंभराच्या आत माणसे लागली. इथेही माळी, कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी वाहणारा, वेटर, सुरक्षारक्षक एवढीच कामे गावाच्या वाट्याला येतील, वरच्या जागा बाहेरून भरल्या जातील. आणि गोल्फ मैदान स्वतः फारसे कमावत नाही, हे त्या धंद्यातल्यांनाही ठाऊक असते. कमाई भोवतालच्या बंगल्यांत आणि प्लॉटांत असते. मेनीच्या बेतात घरांची एवढी मोठी संख्या उगाच नव्हती. गोल्फ हे निमित्त, प्लॉट हा धंदा. तो करायला हरकत नाही, पण तो पर्यटनाच्या सवलतीवर, सरकारी भावाच्या जमिनीवर आणि पिण्याच्या पाण्यावर का?

अजिंठा-वेरूळला येणाऱ्या जपानी, कोरियन पाहुण्यांना गोल्फ आवडतो, ते त्यामुळे एक मुक्काम वाढवतील, असाही युक्तिवाद होऊ शकतो. होऊ द्या. त्या पाहुण्याला आधी शहरातून अजिंठ्याला जायचा रस्ता हवा, जो वर्षानुवर्षे उखडलेला होता. स्वच्छ स्वच्छतागृह हवे. लेणी १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि अजून फर्दापूरच्या तरुणाला त्यातून पोट भरेल एवढे मिळत नाही. पैठणची बाग किती वेळा बंद पडली आणि किती वेळा तिच्या पुनरुज्जीवनाच्या घोषणा झाल्या हे पैठणकरांना विचारा. हाताशी असलेले नीट चालवता येत नाही म्हणून नवे मागायचे, ही आपली जुनी खोड आहे.

कायद्याची एक फटही बघून ठेवावी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पायाभूत सुविधांच्या यादीतून खासगी हॉटेले वगळली, पण सार्वजनिक हेतूंत खेळ आणि पर्यटन ठेवले. हॉटेल म्हणून जे येऊ शकत नाही ते खेळ म्हणून येऊ शकते. काठच्या गावाने नोटिशीतला हेतूचा रकाना नीट वाचावा.

मग गोल्फ नकोच का? सेंट अँड्र्यूजकडे बघा. गोल्फची पंढरीच ती. तिथली मैदाने १९७४ मध्ये ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्याखाली एका सार्वजनिक न्यासाकडे आहेत. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध मैदानावर रविवारी सहसा खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन त्यावर फिरतात. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये कोणालाही, खेळात अडथळा न आणता, गोल्फ मैदान ओलांडून जाता येते. तिथे या खेळातून गावाला खरोखर पैसा मिळतो, आणि काठ गावाचाच राहतो. त्या गावातून आपण घ्यायचे असेल तर मालकीची ही रीत घ्यावी.

म्हणून कोकणात असो की नाथसागरावर, असा प्रस्ताव आला तर मी तो फाडून टाकणार नाही. काही अटी मात्र करारातच हव्यात. मैदान अभयारण्य आणि गाळपेर सोडून, आणि काठाला कुंपण न घालता. जाळे आणि गुरे नेण्याची वाट नकाशावर आखलेली. दुष्काळ जाहीर झाला की ज्या दिवशी गावाचा टँकर सुरू होईल त्या दिवशी हिरवळीचे पाणी बंद, गवत पिवळे पडले तर पडू द्यावे. जलाशयाच्या पाण्याची तपासणी त्रयस्थाकडून, खर्च प्रवर्तकाचा, निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर. आणि रोजगाराचा जो आकडा सादरीकरणात असेल त्याची बँक हमी. पाच वर्षांत निम्म्याही नोकऱ्या झाल्या नाहीत तर हमी जप्त आणि जमीन परत. टप्पा एकमध्ये हॉटेल आणि मैदान, ते चालले तरच टप्पा दोनमध्ये बंगले. उलट क्रम नाही.

यावर गुंतवणूकदार म्हणतील की एवढ्या अटींवर प्रकल्प परवडत नाही. परवडत नसेल तर सादरीकरणातले आकडे चुकीचे होते, आणि ते परवानगीच्या आधीच कळलेले बरे.